पोसिडोनियाचा उत्सव

इटलीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, सालेर्नोच्या आखाताकाठी, तीन भव्य ग्रीक मंदिरे आजही उभी आहेत. इ.स.पू. ६००च्या सुमारास सिबारिस या समृद्ध नगरातील ग्रीकांनी येथे वस्ती केली आणि समुद्रदेव पोसिडॉनच्या नावावरून तिला पोसिडोनिया हे नाव दिले. सिबारिस ही स्वतःच ग्रीसमधील अखाइया प्रांतातून आलेल्यांची वसाहत; म्हणजे पोसिडोनियाचे लोक मायभूमीपासून दोन पायऱ्या दूर गेलेले. इ.स.पू. ५१० मध्ये शेजारच्या क्रोटोनने सिबारिसचा विध्वंस केला आणि मातृनगरीचा आधारही नाहीसा झाला. पोसिडोनियाची भरभराट मात्र चालूच राहिली. तिचे सर्वांत सुस्थितीतील मंदिर या घटनेनंतर सुमारे अर्धशतकाने बांधले गेले.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस डोंगराळ भागातील ल्युकेनियन लोकांनी हे नगर घेतले. त्यांची भाषा ओस्कन, लॅटिनची दूरची बहीण. पुढे इ.स.पू. २७३ मध्ये रोमने येथे आपली वसाहत स्थापन केली आणि नगराचे नाव पेस्टम झाले.

या नगरातील ग्रीकांविषयी एक हकीकत ॲरिस्टॉक्झेनस याने लिहून ठेवली होती. हा ॲरिस्टॉटलचा शिष्य, संगीतशास्त्राचा मोठा अधिकारी आणि दक्षिण इटलीतीलच तारास नगराचा रहिवासी. त्याचा ग्रंथ नष्ट झाला. पण पाचएकशे वर्षांनंतर अथेनिअसने आपल्या ग्रंथात तो उतारा घेतला म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्याचा आशय असा : पोसिडोनियाचे लोक मूळचे ग्रीक, परंतु कालांतराने ते परके झाले, त्यांची भाषा आणि रीतिरिवाज पालटले. तरीही वर्षातून एकदा एक ग्रीक उत्सव ते पाळत. त्या दिवशी एकत्र जमून जुनी नावे आणि जुने आचार आठवत, एकमेकांजवळ शोक करीत, रडत आणि घरोघरी परतत.

ॲरिस्टॉक्झेनसने हा दाखला दिला तो संगीताविषयी बोलताना. नाट्यगृहे बिघडली, लोकप्रिय संगीताचा दर्जा घसरला आणि आता आम्ही थोडे लोकच जुने संगीत कसे होते ते आठवत बसतो, अशी त्याची खंत होती. तेव्हा पोसिडोनियाच्या हकीकतीत खंतावलेल्या माणसाचा आवाज मिसळला आहे, हे विसरून चालणार नाही. उत्खननातून दिसणारे चित्र तितके काळेपांढरे नाही. ल्युकेनियन राजवटीतही हेरा देवीची पूजा चालू राहिली. ग्रीकांचे वर्तुळाकार सभास्थान वापरात होते आणि तेथेच ओस्कन भाषेतील एक अर्पणलेख सापडला आहे. तो कोरला आहे ग्रीक लिपीत. देव राहिले, सभास्थान राहिले, अक्षरेही राहिली. त्या अक्षरांतून बोलणारी भाषा तेवढी बदलली.

थोडे उत्तरेला गेले की कुमे लागते. इटलीच्या मुख्य भूमीवरील ग्रीकांची ही सर्वांत जुनी मोठी वसाहत, इ.स.पू. आठव्या शतकातील. रोमन लिपीचा उगम ज्या ग्रीक वर्णमालेत शोधला जातो, ती याच वसाहतकारांबरोबर इटलीत आली. इ.स.पू. ४२१ मध्ये कुमे ओस्कनभाषक कॅम्पेनियनांच्या हाती गेले. त्यानंतरची नोंद रोमन इतिहासकार लिव्ही देतो. इ.स.पू. १८० मध्ये कुमेच्या नागरिकांनी रोमकडे एक विनंती केली : सार्वजनिक कामकाज लॅटिनमध्ये करण्याची आणि लिलाव पुकारणाऱ्यांना लॅटिनमध्ये पुकारा करण्याची अनुमती मिळावी. रोमने ती दिली. येथे कोणी सक्ती केली नव्हती. बाजाराची आणि सत्तेची भाषा लोकांनी आपण होऊन मागून घेतली. भाषा बदलते ती पुष्कळदा अशीच, एखाद्या साध्या व्यावहारिक अर्जाने.

या दोन्ही नगरांहून नेआपोलिसची, म्हणजे आजच्या नेपल्सची, कथा वेगळी आहे. हे कुमेच्याच ग्रीकांनी वसविलेले ‘नवे नगर’. आजूबाजूचा मुलूख कॅम्पेनियनांनी व्यापल्यावर नेआपोलिसने त्यांच्यापैकी काहींना नागरिक म्हणून सामावून घेतले. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की तेथील अधिकाऱ्यांच्या यादीत आरंभी सारी नावे ग्रीक आहेत, पुढे त्यांत कॅम्पेनियन नावे मिसळतात. माणसे मिसळली तरी पदांची नावे, कुळसंघ, तरुणांच्या व्यायामशाळा आणि कारभार ग्रीकच राहिला. बाहेरून आलेला त्या चौकटीत शिरला की तोही ग्रीक बोलू लागे. इ.स.पू. ३२६ मध्ये रोमशी झालेल्या कराराने ही व्यवस्था टिकली. इ.स.पू. ९० मध्ये रोमने इटलीतील मित्रनगरांना नागरिकत्व देऊ केले, तेव्हा नेआपोलिसमध्ये मोठा वाद झाला. पुष्कळांना रोमन नागरिकत्वापेक्षा आपल्या जुन्या करारातील स्वातंत्र्य अधिक मोलाचे वाटत होते, असे सिसेरो नमूद करतो. अखेर नागरिकत्व स्वीकारले गेले, पण कारभार ग्रीक राहिला.

इ.स. २ मध्ये सम्राट ऑगस्टसच्या सन्मानार्थ येथे दर चार वर्षांनी भरणारे ग्रीक पद्धतीचे सामने सुरू झाले. त्यांतील विजेत्यांच्या ग्रीक भाषेतील संगमरवरी याद्या एकविसाव्या शतकाच्या आरंभी नेपल्सच्या मेट्रोच्या खोदकामात सापडल्या. सम्राट क्लॉडिअसने आपल्या दिवंगत भावाची ग्रीक सुखात्मिका येथेच स्पर्धेत उतरवली. नीरो पहिल्यांदा जाहीरपणे गायला तोही येथेच. रोमच्या श्रीमंतांना ग्रीक शिक्षक हवे होते आणि नेआपोलिस त्यांचे माहेरघर होते. थोडक्यात, येथे ग्रीक भाषेला काम होते, पोट होते आणि मान होता.

तरीही नेआपोलिसचा एक कुटुंबवृत्तांत विचार करायला लावतो. इ.स.च्या पहिल्या शतकात येथे एक कवी-शिक्षक होता. तो मुलांना होमर, पिंडार, सॅफो शिकवी. ग्रीसमधील स्पर्धांतही त्याने विजय मिळवले होते. त्याचा मुलगा स्टेशिअस. थीब्झ नगराच्या ग्रीक कथेवर त्याने महाकाव्य रचले, ते मात्र लॅटिनमध्ये. वडिलांचे ऋण त्याने त्यांच्यावरील विलापकाव्यात मनःपूर्वक मानले, तेही लॅटिनमध्येच. याला विश्वासघात म्हणता येणार नाही. कथा, छंद आणि देव त्याने वडिलांकडूनच घेतले होते. पण पुढच्या पिढीचा श्रोता रोममध्ये बसला होता.

दक्षिण इटलीत ग्रीक अजून पुरती संपलेली नाही. सालेंतोतील काही गावांत आणि कालाब्रियाच्या डोंगरांत तिची बोली उरली आहे. ती थेट प्राचीन वसाहतींपासून आली, असे जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेरहार्ड रोल्फ्स यांचे मत. ती बायझंटाइन काळात नव्याने आली, असे अनेक इटालियन विद्वानांचे. १९९९च्या कायद्याने इटलीने तिला अल्पसंख्याक भाषा म्हणून संरक्षण दिले. सालेंतोतील मेल्पिन्यानो गावी १९९८ पासून दर उन्हाळ्यात लोकसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. हजारो तरुण येतात, त्या बोलीतील गाणी ऐकतात, गातात. घरी ती बोलणारे मात्र बहुतांशी वृद्धच आहेत.

मुलखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या वाचकाला या चार ठिकाणांत आपले काही ओळखीचे दिसेल. वार्षिक उत्सवाला हसण्याचे कारण नाही. पोसिडोनियाच्या लोकांनी तो पाळला नसता, तर आपण ग्रीक होतो हेही त्यांना कळले नसते. परंतु उत्सव आठवण राखतो, भाषा राखायला तो एकटा पुरत नाही. नेआपोलिसमध्ये भाषा टिकली ती कारभारात, शाळेत, व्यायामशाळेत आणि बाहेरून आलेल्याला सामावून घेण्यात. वर्षातला एक दिवस आपण साजरा करतोच; प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. त्या दिवसांत आपल्या भाषेला घरात आणि घराबाहेर कोणते काम आपण देतो, यावरच तो एक दिवस आनंदाचा राहील की शोकाचा, हे ठरेल.