गोदेच्या वाटेवरील बंधारे

नांदेडच्या घाटांवरून वाहणारी गोदावरी ही केवळ तीर्थोदकाची वाहिनी नसून, पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या चढणीच्या माशांचा राजमार्गही होती, आणि त्यांवर नदीकाठच्या भोई समाजाचा चरितार्थ चाले. या मार्गावरील मोठा अडसर प्रथम पडला तो मराठवाड्यापासून फार दूर, समुद्रालगत: आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात बांधलेल्या धवळेश्वरमच्या बंधाऱ्याने, बंगालच्या उपसागरातून अंडी घालण्यासाठी नदीत शिरणाऱ्या हिलशाची वाट रोखली. पुढे निजामाच्या अमलात, १९३१ साली, निजामसागर पूर्ण झाला, आणि लातूरच्या मुलखातून वाहत जाऊन कंदकुर्तीपाशी गोदेला मिळणारी मांजराही मध्येच अडली.

आज महासागरातील माशाच्या पाठीवर बसवलेली इलेक्ट्रॉनिक खूणपट्टी पाण्याची खोली, तापमान आणि प्रकाश यांची नोंद करीत राहते, नेमल्या दिवशी आपोआप सुटून पृष्ठभागावर येते आणि त्या नोंदींचा गोषवारा उपग्रहाकडे धाडते. बंधारे बांधले गेले त्या काळी असे साधन नव्हते. गोदेचे जुने प्रवासी आपल्या मार्गांची नोंद न ठेवताच अडले, याची खंत मला फार वाटते.

धर्माबाद तालुक्यातील, गोदेवरच्याच बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा हुकूम आहे. तो पाणीवाटपाच्या तंट्यातून निघाला खरा, परंतु चढणीचा हंगामही त्याच मुदतीत येत असल्याने, त्या एका जागी तरी माशाला वर जाण्यास वाव राहतो.