लाल पट्ट्याच्या पलीकडे

साल १८००. इंग्लंडमधल्या स्लो गावात, विल्यम हर्शेल यांच्या घरात तुम्ही उभे आहात. बाहेर त्यांची चाळीस फुटी दुर्बीण लाकडी सांगाड्यावर कललेली आहे. एकोणीस वर्षांपूर्वी युरेनस शोधणारे हे गृहस्थ आता एकसष्ट वर्षांचे आहेत आणि आज टेबलावर वाकून पारा न्याहाळताहेत.

खिडकीतल्या लोलकातून आलेलं ऊन टेबलावर सप्तरंगी पट्टा होऊन पसरलंय. सूर्य पाहताना त्यांनी दुर्बिणीला रंगीत काचा लावल्या होत्या. एका काचेतून उजेड कमी यायचा, तरी डोळ्याला चटका बसायचा. दुसरीतून लख्ख दिसायचं, पण ऊब जाणवायची नाही. तेव्हापासून एकच प्रश्न त्यांच्या मनात घोळतोय: प्रत्येक रंगाची ऊब वेगळी असते का?

जवळ या. तापमापीचा फुगा काळा केलेला आहे, म्हणजे ऊन नीट शोषलं जाईल. तुलनेसाठी बाकीच्या तापमापी रंगांबाहेर ठेवल्यात. जांभळ्यात पारा दोन अंश फॅरनहाइट चढतो, हिरव्यात सव्वातीन, लाल रंगात जवळजवळ सात.

आता ते पांढऱ्या कागदावर अर्ध्या अर्ध्या इंचावर रेघा आखतात. लाल कडेपासून अर्धा इंच पुढे फुगा ठेवतात. तिथे रंग नाही, उजेड नाही, नुसता कोरा कागद.

तुम्ही श्वास रोखून बघता. दहा मिनिटांत पारा साडेसहा अंश चढतो!

तुम्हाला चुलीवरून उतरवलेला तवा आठवतो. दिसायला काळाच, पण हात जवळ नेला की धग लागते. ती धग आणि हे कोऱ्या कागदावरचं ऊन एकाच जातीचं. लोलकातून जाताना दिसणाऱ्या रंगांपैकी लाल किरण सगळ्यांत कमी वळतात. हे न दिसणारे किरण त्यांच्याहूनही कमी वळतात, म्हणून लालच्या पलीकडे पडतात. आपण त्यांना अवरक्त म्हणतो. हर्शेल यांच्याकडे अजून हा शब्दही नाही.

त्यांना सांगावंसं वाटतं, की २००९ साली त्यांच्याच नावाची दुर्बीण अवकाशात जाईल आणि याच किरणांनी धुळीच्या ढगांआड जन्मणारे तारे पाहील. पण तुम्ही तोंड उघडण्याआधीच त्यांनी तापमापी उचललीय. पुढच्या रेघेवर ती अलगद टेकवून ते पुन्हा वाकतात.

तिथेही पारा चढू लागतो.