दर्या बंद असतानाचा ऑगस्ट

उमरोळीत मी इंग्रजीची शिकवणी घेते. येणारी मुले बहुतेक बोईसरच्या एमआयडीसीत पाळीने जाणाऱ्यांची, थोडी आसपासच्या गावांतली. शब्दांच्या यादीत एकदा ‘टर्ब्युलंट’ आला. उलथापालथीचा, खळबळीचा शब्द. वाक्ये करा म्हटले, तर निम्म्यांनी फ्रेंच राज्यक्रांती घातली आणि उरलेल्यांनी विमान हलवले. फ्रान्स पाहिलेला एकही नाही, विमानात बसलेलाही नाही. गाईडातली वाक्ये. मी म्हटले, वाक्य आपल्या तालुक्यातले हवे. एका मुलीने भीतभीत विचारले, “टीचर, इथे असं काय झालंय?”

झाले ते हिच्या घरापासून लोकलच्या एका स्टेशनावर. 14 ऑगस्ट 1942, शुक्रवार. 8 तारखेला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि 9 तारखेला पहाटे पुढारी उचलले गेले. मुंबईची बातमी पालघरला रेल्वेनेच यायची, आणि पाचव्या दिवशी गावोगावचे मोर्चे पालघरच्या कचेरीवर चालून आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचेच रामप्रसाद तिवारी.

ही नावे मी फळ्यावर लिहिली आणि शेजारी नकाशा काढला. मधोमध उमरोळी स्टेशन. दक्षिणेला पालघर, उत्तरेला बोईसरला चिकटलेले सालवड, पश्चिमेला मुरबे, खाडीच्या पलीकडच्या अंगाला सातपाटी, आणि मुरब्यावरून किनाऱ्याने वर गेले की नांदगाव. मुले यातल्या एखाद्या तरी गावात लग्नाला नाहीतर मासळीला जाऊन आलेली असतात. सालवडला तर काहींचे वडील रोज कामाला जातात. पालघरच्या पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ सगळ्यांनी बाहेरून पाहिलेला. 14 ऑगस्टला पालघरात दुकाने बंद असतात हेही माहीत, कारण त्या दिवशी वडापाव मिळत नाही.

माझे माहेर सातपाटीचे, म्हणून मला या दिवसाची तारखेइतकीच तिथी महत्त्वाची वाटते. त्या साली अधिक ज्येष्ठ आला होता, त्यामुळे श्रावण उशिरा लागला. 14 ऑगस्टला श्रावण नुकताच सुरू झालेला, नारळी पौर्णिमा दहा-बारा दिवसांवर. म्हणजे सातपाटी, मुरबे, नांदगावची वहाणे किनाऱ्यावर ओढलेली, झापांखाली. दर्या खवळलेला, कुणी आत जात नव्हते. माणसे घरी होती, जाळी विणत, डागडुजी करत. आणि शेतकऱ्याच्या अंगणात पाहा: आवणी आटोपलेली, कापणीला दोन महिने अवकाश. वर्षातला हा एकच पंधरवडा असा, की कोळी आणि कुणबी दोघांचेही हात एकाच वेळी मोकळे असतात. पौर्णिमेला नारळ वाहून वहाणे दर्यात गेली असती, तर सातपाटीहून एवढी माणसे पालघरपर्यंत चालत आली असती का, याची मला शंका आहे. पुढाऱ्यांनी मुहूर्त पाहिला असे मी म्हणत नाही. ठराव 8 ऑगस्टला झाला, तो काही आमची वहाणे मोजून नाही. पण ठिणगी पडली तेव्हा माणसे घरी होती, एवढे खरे. इतिहासाच्या पुस्तकांत देशभक्ती असते, पाऊस नसतो. मला पाऊस हवा वाटतो.

तीन वर्षांनी याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला उलटे घडले. (जिल्हा तेव्हा ठाणे, पालघर वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी.) 23 मे 1945 रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करत होते. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन गोष्टी आमच्या मुलांना समजावून सांगाव्या लागतात. लग्नासाठी जमीनदाराकडून चार पैसे घेतले, की नवरा-बायको आयुष्यभर त्याच्या घरची. झरीला ठरले की वेठ करायची नाही. आणि वेठ थांबली.

मग गवताचा प्रश्न आला. डहाणू, उंबरगावच्या रानातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे, त्यावर जमीनदार आणि व्यापारी गब्बर. गवत कापायचे दिवस ऑक्टोबरचे: पाऊस गेला, पाते सुकायला लागले, आता कापले नाही तर माल वाया. वारल्यांनी नेमका तेव्हा विळा खाली ठेवला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पालघरचा मोर्चा हात मोकळे असताना निघाला होता; इथे हातांची गरज सर्वांत जास्त असताना ते थांबले. माझ्या मते पहिल्यापेक्षा दुसऱ्यात हिशेब पक्का होता. जंगलात राहणाऱ्याला काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हा ऑक्टोबर पाहावा.

त्याची किंमत 10 ऑक्टोबरला तलवाड्यात मोजावी लागली. गोदावरीबाई सभेला येणार अशी खोटी आवई उठवून लोकांना गोळा केले गेले, आणि जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मेले, त्यांत जेठ्या गांगड. पालघरातही पाच, तलवाड्यातही पाच. पण माझ्या शिकवणीतल्या मुलांना पहिल्या पाचांचा स्तंभ माहीत आहे आणि तलवाड्याचे नावही माहीत नाही, कारण ते गाव लोकलच्या रुळांवर नाही.

पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. 1946 च्या शेवटी, पुन्हा गवत आणि जंगलतोडीच्या हंगामात संप झाला, तेव्हा परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढण्याचा हुकूम या स्वदेशी सरकारनेच काढला. पालघरला कचेरीवर चालून गेलेल्यांचा पक्ष आता कचेरीत बसला होता. हे सांगताना मी आवाज चढवत नाही. मुले आपसूक गप्प होतात. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक वर्गात फिरवले, तर परत आले तेव्हा एका पानावर हळदीचा डाग होता, म्हणजे कुणाच्या तरी घरी जेवताना वाचले गेले.

आता बोईसरला हंगाम नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले, त्याला पाऊस लागो न लागो; एमआयडीसीच्या पाळ्याही बाराही महिने. त्या मुलीने शेवटी वाक्य केले ते सालवडचे: ‘सालवड सॉ अ टर्ब्युलंट ऑगस्ट इन 1942.’ तिचे वडील त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होते. ते घरी आल्यावर तिने त्यांना सुकुर मोरेंचे नाव सांगितले. रोज सालवडला कामाला जाऊनही त्यांनी ते ऐकले नव्हते.