प्लॅस्टिकचा रंग विजेने कसा बदलतो?

यवतमाळ जिल्ह्यातील वणी परिसर कोळशाच्या खाणींसाठी ओळखला जातो. कोळशाचा मुख्य उपयोग वीजनिर्मितीसाठी होतो. मात्र, विजेने रंग बदलणाऱ्या एका प्लॅस्टिकचं मूळही कोळशातच सापडतं.

कोळशाच्या डांबरातून १८३४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंग यांनी अ‍ॅनिलिन हा पदार्थ वेगळा केला. त्याचे रेणू माळेसारखे जोडले की पॉलिअ‍ॅनिलिन तयार होतं. १८६२ मध्ये लंडनमध्ये हेन्री लेदबी यांना अ‍ॅनिलिनच्या द्रावणातून वीज सोडल्यावर निळसर-हिरवा थर मिळाला. त्याचा रंग बदलतो, हेही त्यांनी नोंदवलं.

प्लॅस्टिक धातूसारखी वीज वाहू शकतं, हे मात्र १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रंग का बदलतो?

या प्लॅस्टिकच्या साखळीत अणूंमधले एकेरी आणि दुहेरी बंध आलटून-पालटून येतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी न अडकता साखळीभर पसरतात. त्यांना वरच्या पातळीवर जायला ठरावीक ऊर्जा लागते आणि तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश पदार्थ शोषतो. उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो.

विजेचा थोडा दाब दिला की साखळीतले इलेक्ट्रॉन कमी-जास्त होतात आणि शोषला जाणारा प्रकाशही बदलतो. म्हणूनच आम्लात ठेवलेला पॉलिअ‍ॅनिलिनचा पातळ थर फिकट पिवळा, हिरवा आणि मग गडद निळा होत जातो. दाब उलटा केला की रंग मागे फिरतो.

उपयोग काय?

साखळीला वेगळे अणुगट जोडूनही रंग ठरवता येतो. १९९० मध्ये केंब्रिज विद्यापीठात पीपीव्ही या प्लॅस्टिकपासून हिरवट-पिवळा प्रकाश देणारा दिवा बनला. त्याच साखळीला बाजूचे गट जोडल्यावर नारिंगी प्रकाश मिळाला.

बटण दाबताच गडद होणाऱ्या खिडकीच्या काचेसाठीही अशा प्लॅस्टिकवर संशोधन चालतं. वणीसारख्या कडक उन्हाच्या गावात अशी काच ऊन अडवून खोलीतला उकाडा कमी करू शकेल.

अडचण अशी, की जे ऊन अडवायचं, तेच या थराचं नुकसान करतं. अतिनील किरणं, ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे साखळी तुटते व रंग बदलणं थांबतं. त्यामुळे थर दोन काचांमध्ये हवाबंद ठेवावा लागतो. अशी खिडकी किती उन्हाळे टिकेल, यावरच तिची खरी किंमत ठरेल.