पुढे शिकायचं की नोकरी धरायची?

कॉम्प्युटरची पदवी हाती आली की घरोघरी एकच वाद सुरू होतो. नोकरी धरायची की पुढे शिकायचं? एम.टेक., एम.एस., पीएच.डी.... आई एका बाजूला, वडील दुसऱ्या बाजूला आणि मुलगा मध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. जणू हा प्रश्न याच पिढीला पहिल्यांदा पडलाय! मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे असं काही कानावर आलं की सवयीनं मागे जाते. आणि मागे गेलं की दिसतं, आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे.

फक्त तेव्हा तो उलटा होता. संगणकाची पहिली पदवी नव्हतीच, होतं ते पुढचं शिक्षण. कानपूरच्या आयआयटीत १९६३ साली अमेरिकेच्या मदतीनं आयबीएम १६२० हे यंत्र आलं. प्रा. व्ही. राजारामन आणि त्यांचे सहकारी त्यावर मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवू लागले. पण संगणकातली बी.टेक. तिथे यायला सत्तरचं दशक संपत यावं लागलं. म्हणजे ज्याला या विषयात खोल शिरायचं, त्यानं आधी इलेक्ट्रिकल वगैरे इंजिनिअर व्हायचं आणि मग पुढे शिकायचं. शिकायचं का? कारण यंत्र तिथे होतं! बाहेर त्याची भीतीच जास्त. कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळानं संगणक आणायचं काढलं, तर साठच्या दशकात कर्मचारीच त्याविरुद्ध उभे राहिले होते.

१९४६ साली जन्मलेले दोघे जण बघा. नारायण मूर्ती कानपूरला एम.टेक. करत होते, विषय कंट्रोल थिअरी. १९६८ मधल्या एका रविवारी नाश्त्याच्या टेबलावर अमेरिकेहून आलेले एक संगणकशास्त्रज्ञ भेटले. त्यांनी सुचवलेले चार-पाच शोधनिबंध मूर्तींनी तडक वाचनालयात जाऊन वाचले आणि आपला विषय ठरवला. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. १९६९ मध्ये एम.टेक. झाल्यावर जास्त पगाराच्या जागा असूनही ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये गेले, कारण तिथे एकाच वेळी अनेकांना वापरता येईल अशी टाइम-शेअरिंग यंत्रणा बसत होती. म्हणायला ती नोकरी, पण मला तर ते शिक्षणच वाटतं.

दुसरे आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. नागपूरला बी.ई., बडोद्याला एम.ई. आणि १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून पीएच.डी. ते शिकतच राहिले. पुढे अमेरिकेनं आपल्याला क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं आणि १९९१ मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' तयार झाला. गंमत अशी, की इन्फोसिसची नोंदणीही १९८१ साली पुण्यातच झाली. असो.

मला मात्र या दोघांपेक्षा तिसरी गोष्ट जवळची वाटते. १९७४ साल. सुधा कुलकर्णी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संगणकशास्त्रात एम.ई. करत होत्या, विभागात एकट्याच मुलगी. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या हातात होत्या, तिकडे जाऊन डॉक्टरेट करायचं जवळजवळ ठरलेलं. भारतात नोकरीचा विचारही नव्हता. अशात सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात दिसली. हुशार, कष्टाळू इंजिनिअर पाहिजेत आणि खाली शेवटची ओळ, की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. बाईंनी रागानं एक पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे.आर.डी. टाटांना लिहिलं. (टेल्कोचे प्रमुख तेव्हा आपले सुमंत मुळगावकर होते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं!) मुलाखतीचं बोलावणं आलं. फुकटात पुण्याला जायला मिळतंय म्हणून हॉस्टेलच्या मैत्रिणींनी साड्या आणायला तीस-तीस रुपये दिले. पिंपरीला मुलाखत झाली, नोकरी मिळाली आणि डॉक्टरेट राहिली ती राहिलीच.

मी त्याच पिढीतली. तेव्हा बी.ए. होऊन शाळेत लागले होते. आमच्या जाहिरातीत बायका चालत होत्या, किंबहुना मास्तरकी म्हणजे बायकांना बरी असंच सगळे म्हणत. त्यामुळे त्या शेवटच्या ओळीचा अर्थ मला नीट कळतो. सुधाबाईंनी नोकरी आणि शिक्षण तराजूत घालून निवड केली असं मला वाटत नाही. एक दार बंद दिसलं आणि ते ठोठावावंसं वाटलं, इतकंच. कुठलं दार उघडं आहे आणि ते कोणी उघडं ठेवलंय, हे आपल्या आवडीनिवडीच्या आधी ठरलेलं असतं.

पुढचा काळ भराभर सांगते. ऐंशीच्या दशकात एम.सी.ए. आलं. नव्वदच्या दशकात, त्यातून वाय-टू-केच्या दुरुस्त्या निघाल्या तेव्हा, कंपन्यांना इतकी माणसं लागली की सिव्हिलचा असो की मेकॅनिकलचा, इंजिनिअर उचलायचा, काही महिने शिकवायचं आणि कामाला लावायचं. यंत्र आता कंपनीतच होतं. मग कोण कशाला पुढे शिकेल?

आणि तरी मुलं एम.एस.ला जात राहिली. त्याचं एक कारण अभ्यासक्रमात नाही, अमेरिकेच्या कायद्यात आहे. १९९० च्या कायद्यानं एच-१बी व्हिसा आला, वर्षाला मर्यादा ६५,००० ची. २००४ च्या कायद्यानं अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० वेगळे ठेवले. म्हणजे ती पदवी हे ज्ञान तर होतंच, पण रांगेतली वेगळी खिडकीही होती. मग सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यांसाठी कंपन्यांनी १,००,००० डॉलर भरावेत अशी घोषणा झाली आणि सगळ्यांची गणितं विस्कटली.

दाराच्या पलीकडे जायचं म्हणून शिकण्यात काही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण मग त्याला तिकीट म्हणावं आणि तिकिटासारखाच हिशेब करावा. शिष्यवृत्तीवरची डॉक्टरेट आणि घर गहाण टाकून केलेली एम.एस. या दोन्हींना आपण 'पुढचं शिक्षण' म्हणतो, हा शब्दांचा घोटाळा आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीची लेक परवा येऊन गेली. पुण्यातल्या कंपनीचं पत्र हातात, अमेरिकेचा प्रवेशही आलेला, कर्जासाठी वडील फ्लॅटचे कागद काढून बसलेत. "बाई, तुम्ही सांगा," म्हणाली. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय! मी एवढंच विचारलं, "अगं, दोन वर्षं झाली की परत यायचंच असं आज कुणी लिहून घेतलं, तरी जाशील?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तिथले एक प्राध्यापक भाषांतर करणाऱ्या यंत्रांवर काम करतात, मराठीसारख्या भाषांसाठी. त्यांचे निबंध तिनं वाचलेत. किती, असं विचारलं तर म्हणाली, "सगळे."

वडिलांना हे तिनं अजून सांगितलेलं नव्हतं. १५ एप्रिलच्या आत कळवायचं आहे.