आवई : उडत्या बातमीचा एक जुना शब्द

'अमुक गोष्टीची आवई उठली' असे आज छापून आले, की वाचक ती बातमी खोटी ठरवूनच पुढे सरकतो. अठराव्या शतकातल्या माणसाला एवढे निर्धास्त राहणे परवडणारे नव्हते. मराठ्यांच्या इतिहासाची जुनी पत्रे आणि बखरी वाचताना 'आवई' भेटली, तर तिथे थोडे थांबावे. त्या एका शब्दावर गावेच्या गावे ओस पडत.

उडत्या बातमीसाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. वदंता, किंवदंती, भुमका, हूल, बोलवा, कंडी, वावडी, बाजारगप्प असे कितीतरी शब्द सापडतात. कोशात ते एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले असतात, पण त्यांचा स्वभाव निराळा आहे. वदंतेत संस्कृत 'वद्' धातू आहे. ती नुसती बोलली जाते. वावडी म्हणजे कागदाचा पतंग, म्हणून ती कोणीतरी उडवावी लागते. कंडी पिकते, आणि बहुधा तिला पिकवणाराही असतो. आज सर्वांत रुळलेला 'अफवा' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा तिथला अर्थ 'तोंडे' असा आहे. इतका नेमका शब्द दुसरा मिळणे कठीण.

आवईचा वास मात्र वेगळा आहे. हिंदीत 'अवाई' म्हणजे आगमन. हे नाते ध्यानात घेतले, तर कोणीतरी येत आहे, ही भीती या शब्दाला का चिकटली ते उमगते. मोगल येत आहेत, गिलचे येत आहेत, पुढच्या काळात पेंढारी येत आहेत, अशी कुणकुण लागली की रयत गुरेढोरे आणि दाणागोटा घेऊन रान किंवा किल्ला जवळ करी. आलेला शत्रू आवई ठरला तरी नुकसान टळत नसे. उभे पीक राखणीवाचून राही, बाजार मोडे, वसुली अडे. खोट्या बातमीचा खरा भुर्दंड रयतेच्या माथी बसे.

बातमी पडताळायची तरी कशी? जासूद, हरकारे, काशीद ही पायी किंवा सांडणीवरून धावणारी माणसे, आणि सावकारांची पत्रे, एवढीच साधने होती. त्यांतही सावकाराची चिठ्ठी अधिक भरवशाची, कारण तिच्यावर त्याचे स्वतःचे पैसे अवलंबून असत. १४ जानेवारी १७६१ रोजी पाणिपतावर काय घडले, हे नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी अशाच एका चिठ्ठीतून कळल्याचे प्रसिद्ध आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या आडून तिच्यात मृतांची वार्ता होती. चिठ्ठी त्रोटक होती, पण खरी होती.

आवईने मात्र त्याच रणावर आपला हात दाखवला होता. विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून भाऊही गेले असा फौजेचा समज झाला, असे परंपरा सांगते. लढाईनंतर चित्र नेमके उलटले. विश्वासरावांचे प्रेत ओळखले गेले, त्यावर अंत्यसंस्कार झाले. भाऊंच्या बाबतीत तेवढी निःशंक ओळख पटली नाही, आणि भाऊ जिवंत असल्याची बोलवा सुरू झाली. या वेळी येणारा शत्रू नव्हता. ज्याची वाट पाहावी असा माणूस होता. भीतीच्या आवईपेक्षा आशेची आवई जास्त काळ टिकते.

तिचा फायदा घेणारा लवकरच उभा राहिला. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगू लागला. त्याला पकडून पुण्यास आणले, चौकशी झाली, तोतया ठरवून किल्ल्यांवर कैदेत ठेवले. प्रकरण तिथे मिटायला हवे होते. पण १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदारानेच, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला मोकळे केले आणि कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात जाऊ लागले. काळही त्याला अनुकूल होता. सवाई माधवराव दोन वर्षांचे मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, कारभार नाना फडणिसांच्या हाती. नाना स्वतः पाणिपताहून जीव वाचवून आलेले. त्यांना भाऊंचा चेहरा ठाऊक होता. पंधरा वर्षांपूर्वीचा चेहरा किल्ल्यावरच्या शिपायाला मात्र कोण दाखवणार?

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी फौजेनिशी ते बंड मोडले. समुद्रमार्गे निसटू पाहणारा तोतया राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. एवढा मोठा उठाव एका माणसाच्या बतावणीवर झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बतावणीला ओळखीची साक्ष लागते आणि ती देणारी माणसे मिळत गेली. कोणी लोभाने साक्ष दिली असेल, कोणी नानांच्या द्वेषाने. पण भाऊ परत यावेत असे मनापासून वाटणारेही त्यांत असणारच. न. चिं. केळकरांना १९१३ मध्ये 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहावेसे वाटले, यावरून या प्रकरणाची ओढ दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावरही ओसरली नव्हती असे दिसते.

म्हणूनच जुन्या पत्रातली आवई खोटी निघाली, तरी अभ्यासकाने ती बाजूला टाकू नये. काय घडले हे ती सांगणार नाही. लोक कशाला भीत होते आणि कशाची वाट पाहत होते, ते तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणतेही साधन सांगत नाही.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पाणिपतावर होत्या. तिथून त्या सुखरूप परतल्या. तोतयाची चौकशी झाली, बंड झाले, त्याला शासनही झाले. पार्वतीबाईंनी मरेपर्यंत कुंकू पुसले नाही.