आभासी चलन : किल्ली कोणाची, जबाबदारी कोणाची?

फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयने 'गेनबिटकॉइन' प्रकरणी देशभरात सुमारे साठ ठिकाणी छापे घातले. दिल्ली, पुणे, चंडीगड, कोल्हापूर, बंगळुरू यांच्याबरोबरच नांदेडही त्या यादीत होते. आभासी चलन हा महानगरांपुरता विषय आहे, या समजाला त्यामुळे पुन्हा एकदा धक्का बसला. नांदेड-लातूरच्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, विश्वस्त संस्था आणि आडत-डाळमिलचा व्यवसाय करणाऱ्या पेढ्या यांनीही हे चलन म्हणजे नेमके काय आणि त्यात धोका कोठे आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

चलन कसे चालते?

बिटकॉइन जानेवारी २००९मध्ये सुरू झाले. त्यामागे कोणतेही सरकार वा मध्यवर्ती बँक नाही. प्रत्येक व्यवहाराची नोंद जगभरातील हजारो संगणकांवरील सामाईक खातेवहीत होते. नोंदी पडताळणाऱ्या संगणकांना मोबदला म्हणून नवी नाणी मिळतात. यालाच 'मायनिंग' म्हणतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपेक्षा अधिक होणार नाहीत आणि हा मोबदला साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो.

गेनबिटकॉइनचा फोलपणा याच नियमात दडलेला होता. २०१५मध्ये अमित भारद्वाज आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या योजनेत मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवण्यात आले, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात जुलै २०१६मध्ये मायनिंगचा मोबदला २५ नाण्यांवरून साडेबारावर आला. उत्पन्नाचा मूळ झराच आटत असताना ठरावीक परताव्याची हमी देणे शक्य नव्हते. साखळी पद्धतीने नवे गुंतवणूकदार येत होते, तोवर गाडा चालला. २०१७मध्ये योजना डबघाईला आली आणि बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचे घरगुती, अत्यल्प किमतीचे नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवण्यात आले. भारद्वाजला २०१८मध्ये अटक झाली. २०२२मध्ये त्याचे निधन झाले. विविध राज्यांतील गुन्हे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२३मध्ये सीबीआयकडे सोपवण्यात आले.

खरा धोका किल्लीचा

भाव कोसळणे हा आभासी चलनाचा सर्वपरिचित धोका होय. संस्थांसाठी त्याहून गंभीर प्रश्न ताब्याचा आहे. हे चलन एका गुप्त संकेतावर, म्हणजे 'किल्ली'वर चालते. किल्ली ज्याच्या हाती, चलन त्याचे. किल्ली हरवली तर पैसा कायमचा गेला. चोरीला गेली तर व्यवहार रद्द करणारी बँक नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला, तेव्हा हाँगकाँगच्या बँकेत वळवलेल्या रकमेपैकी काही भाग परत मिळवता आला. कारण पलीकडेही एक बँक होती. आभासी चलनात ती सोय नाही.

गेनबिटकॉइनच्या तपासातच याचे विदारक उदाहरण घडले. तपासात मदतीसाठी नेमलेल्या तज्ज्ञांनीच आरोपींकडील आभासी चलन परस्पर वळवल्याचा आरोप झाला. मार्च २०२२मध्ये पुणे पोलिसांनी एका माजी आयपीएस अधिकाऱ्यासह दोघांना अटक केली.

चलन एक्स्चेंजकडे ठेवले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. जुलै २०२४मध्ये 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले. तेथील व्यवहार पूर्ववत सुरू होण्यास ऑक्टोबर २०२५ उजाडला. बँक ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. आभासी चलनाला तसे कोणतेही कवच नाही.

इच्छा नसतानाही संस्थेचा या चलनाशी संबंध येऊ शकतो. जून २०१७च्या 'पेट्या' हल्ल्यात मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. त्या हल्ल्यात संगणक खुले करण्यासाठी ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागण्यात आली होती.

कायदा काय सांगतो?

बँकांना या व्यवहारांपासून रोखणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरवले. म्हणजे या व्यवहारांवर सरसकट बंदी नाही. मात्र आभासी चलनाला कायदेशीर चलनाचा दर्जाही नाही. १ एप्रिल २०२२पासून त्यावरील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास मुभा ठेवण्यात आली नाही. कंपन्यांना २०२१-२२पासून ताळेबंदात अशा चलनाचा तपशील देणे बंधनकारक करण्यात आले. मार्च २०२३पासून एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. रिझर्व्ह बँकेचा 'ई-रुपी' हा मात्र वेगळा. प्रायोगिक तत्त्वावर २०२२मध्ये आलेले हे चलन रुपयाचेच डिजिटल रूप आहे.

सहकारी आणि विश्वस्त संस्थांना तर निवडीचे स्वातंत्र्यच मर्यादित आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३५ यांत निधी कोठे गुंतवावा हे ठरवून दिले आहे. ठरावीक बँका व रोखे यांचा त्यात समावेश आहे, आभासी चलनाचा नाही. त्यामुळे संचालक वा विश्वस्तांनी 'जादा परताव्या'साठी सभासदांचा पैसा तेथे वळवल्यास केवळ तोट्याचा नव्हे, तर व्यक्तिगत जबाबदारीचाही प्रश्न उभा राहतो.

खासगी कंपनी वा पेढीने असे चलन ठेवायचेच ठरवले, तर लेखी ठराव हवा. किल्ली एकाच व्यक्तीकडे असू नये. किल्लीची प्रत सुरक्षित ठिकाणी असावी आणि लेखापरीक्षकाला शिल्लक प्रत्यक्ष पडताळता यावी. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे ठेवण्याची पद्धत आपल्या बँका व पतसंस्थांना नवी नाही. चलन बदलले, म्हणून ती पद्धत सोडण्याचे कारण नाही.